दुबईचं विमान आणि अंकलीचा रस्ता

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं थेट परदेशात विमान जावं ही मागणी आता सांगली-मिरजेत, जयसिंगपुरात, इचलकरंजीत सगळीकडं ऐकू येते आणि तिला जोडून एक वाक्य हमखास येतं, की सरकारनं विमान कंपनीला सुरवातीला थोडी मदत करावी, एकदा चालू झालं की मग ते आपोआप चालेल. मला या दुसऱ्या वाक्यावर बोलायचंय. पहिल्याशी माझं भांडण नाही. आपल्या भागातली शिकायला चाललेली पोरं, गिऱ्हाईकाला भेटायला चाललेले कारखानदार, लेकीच्या बाळंतपणाला चाललेले आईबाप, सगळ्यांना रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये धक्के खात मुंबई गाठावी लागते आणि मग सहारच्या रांगेत उभं रहावं लागतं, हे बदललंच पाहिजे. पण विमान कंपनीनं रिकाम्या सीटा घेऊन दुबईला जावं म्हणून आपल्या सगळ्यांच्या करातनं तिला पैसे द्यावेत का, तर माझं उत्तर स्पष्ट आहे, देऊ नयेत. तेच पैसे दुसरीकडं लावले तर सांगलीचा माणूस परदेशात जास्त लवकर आणि जास्त स्वस्तात पोचेल असं माझं म्हणणं आहे.

आधी ही मदत असते कशी ते बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की विमान उतरण्याचे, थांबण्याचे पैसे माफ केले की झालं. तेवढंच असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. लँडिंग, पार्किंगची सूट, इंधनावरचा व्हॅट कमी, हे वरवरचं. खरा पैसा जातो व्हीजीएफमध्ये, म्हणजे व्हायबिलिटी गॅप फंडिंग, तोट्याची भरपाई. २०१६ च्या ऑक्टोबरात उडान योजना आली, एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली हे पहिलं विमान उडालं, त्यात साधारण अर्ध्या सीटा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास विकायच्या आणि कंपनीला जी तूट येईल ती तीन वर्षं सरकारनं भरून द्यायची असं ठरलं. यात बहुतेक राज्यांचा वाटा २० टक्के, बाकीचा केंद्राच्या फंडातनं, आणि तो फंड भरतो मोठ्या शहरांतल्या विमानांवर लावलेल्या आकारातनं. म्हणजे मुंबई-दिल्ली जाणारा प्रवासी थोडं जादा देतो आणि त्यातनं कोल्हापूर, नांदेड, किशनगड जोडलं जातं. हे मला पटतं. आपल्याच देशातली गावं एकमेकांना जोडायला श्रीमंत मार्गानं गरीब मार्गाला हात द्यावा यात काही वावगं नाही.

परदेशी विमानाचं गणित मात्र वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय उडान म्हणून जी योजना आली तिच्यात राज्यानं मार्ग ठरवायचा, कंपन्यांनी बोली लावायची, आणि ठरलेल्या सीटांपैकी ज्या विकल्या जाणार नाहीत त्यांचे पैसे राज्यानं आपल्या तिजोरीतनं द्यायचे. न विकलेल्या सीटांचे! आता तुम्हीच विचार करा, रिकामी सीट गेली तरी पैसे मिळणार असतील तर ती भरायला, सांगलीत येऊन ट्रॅव्हल एजंटांना भेटायला, तासगाव-विट्यापर्यंत जाहिरात करायला कंपनी जीव कशाला टाकेल? कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, ती धंदाच करते, पण करारच असा केला की तिला मेहनत करायचं कारण उरत नाही.

आकडे मांडून बघू, हे समजा म्हणून धरलेले आकडे आहेत, कुठल्या सरकारी कागदातले नाहीत. समजा १८० सीटांचं विमान आठवड्यातनं दोनदा जातंय आणि दोनदा येतंय, म्हणजे वर्षाला २०८ फेऱ्या. त्यातल्या ४० टक्के म्हणजे ७२ सीटांची हमी राज्यानं घेतली, सीटला ५००० रुपये धरले आणि त्या सगळ्या रिकाम्या राहिल्या, तर एका फेरीला ३ लाख ६० हजार, वर्षाला साडेसात कोटीच्या घरात, तीन वर्षांत साडेबावीस कोटी. आणि यात इमिग्रेशनची माणसं, कस्टम्सची माणसं, आरोग्य तपासणी, परदेशी प्रवाशांसाठी वेगळी जागा, हा खर्च धरलेलाच नाही. आठवड्यातनं दोन दिवस चार तास लागणाऱ्या कामासाठी ही सगळी यंत्रणा उभी करायची आणि बाकीचे दिवस ती तशीच ठेवायची.

बरं, एवढं करून विमान टिकतं का? विजयवाड्याचं उदाहरण आपल्यासाठी सगळ्यात जवळचं आहे, कारण ते शहरही आपल्या कोल्हापूर-सांगलीसारखंच, शेतीवर आणि व्यापारावर वाढलेलं, शेजारी मोठं हैदराबाद असलेलं. आंध्र सरकारनं तूट भरून द्यायची हमी घेतली आणि डिसेंबर २०१८ मध्ये इंडिगोचं विजयवाडा-सिंगापूर विमान सुरू झालं, आठवड्यातनं दोनदा. मे २०१९ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारनं हमी पुढं चालवली नाही आणि जूनच्या शेवटी विमान बंद. सात महिने सुद्धा पुरे झाले नाहीत. पुढं २०२५ च्या नोव्हेंबरात ते परत सुरू झालं हेही सांगायला पाहिजे, पण मधली सहा वर्षं गेली ती गेलीच. यातनं मला जे दिसतं ते असं, की अनुदानावर उभं राहिलेलं विमान प्रवाशांवर चालत नसतं, मंत्रालयातल्या एका फाईलवर चालत असतं, आणि आपल्याकडं सरकारं, पालकमंत्री, खाती किती पटापट बदलतात ते वेगळं सांगायला नको. आज कुणीतरी मोठ्या कार्यक्रमात हिरवा झेंडा दाखवेल, उद्या दुसरा कुणी म्हणेल की ही आमची योजना नव्हती, आणि ज्या पोरानं त्या विमानाच्या भरवशावर परतीचं तिकीट काढलंय तो तिकडं अडकेल.

उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरचं बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन, कोलंबोहून भिक्खूंना घेऊन श्रीलंकेचं विमान उतरलं, तीन किलोमीटरच्या वरची धावपट्टी, नाव आंतरराष्ट्रीय विमानतळ. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची जागा, जगभरातनं माणसं यावीत असंच ठिकाण. तरी नियमित आंतरराष्ट्रीय सेवा तिथं रुजली नाही, दिल्लीचं विमान सुद्धा पुढं बंद पडलं. केरळातल्या कण्णूरची गोष्ट आणखी वेगळी, तिथं प्रवासी आहेत, आखातात गेलेली माणसं घराघरात आहेत, डिसेंबर २०१८ मध्ये मोठा विमानतळ उभा राहिला, पण परदेशी कंपन्यांना तिथं यायची परवानगी, ज्याला पॉइंट ऑफ कॉल म्हणतात, केंद्रानं दिली नाही, त्यामुळं सगळा भार भारतीय कंपन्यांवर, आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बसली तेव्हा कण्णूरच्या फेऱ्यांचा मोठा हिस्सा एका दिवसात गेला.

कण्णूरचा हा मुद्दा आपल्याकडं कुणी बोलतच नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. परदेशी कंपनीनं कुठल्या शहरात यायचं हे दोन देशांमधल्या करारावर ठरतं. दुबईपुरतं बोलायचं तर दोन्ही बाजूंना आठवड्याला साधारण ६६ हजार सीटांची मर्यादा आहे आणि ती कधीच भरलीय, त्यामुळं एमिरेट्ससारखी कंपनी उद्या कोल्हापूरला यायला तयार झाली तरी तिला येता येणार नाही. राहिल्या भारतीय कंपन्या. त्यात २०१६ च्या विमान धोरणानुसार ज्या कंपनीकडं किमान २० विमानं आहेत तिलाच परदेशात जाता येतं (मोठ्या कंपनीला त्याहून जास्त विमानं देशांतर्गत ठेवावी लागतात, पण वीस हा कमीत कमी आकडा). म्हणजे छोट्या शहरांत खऱ्या अर्थानं सेवा देणाऱ्या ज्या छोट्या कंपन्या आहेत त्या यातनं आपोआप बाहेर. उरतात तीन-चार मोठ्या. आता तीन-चारच गिऱ्हाईकं असलेल्या बाजारात माल विकायला बसलेल्या शेतकऱ्याची काय हालत होते हे सांगलीच्या मार्केट यार्डात आयुष्य काढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. भाव ते ठरवणार. अनुदान किती, वेळ कुठली, किती दिवस थांबणार, सगळं तेच ठरवणार.

आणि धावपट्टीही बघायला पाहिजे. उजळाईवाडीला संस्थान काळात, १९३९ मध्ये विमानतळ झाला, आपल्या भागाला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट, पण कित्येक वर्षं धावपट्टी १३७० मीटरच होती, एटीआरसारख्या पंख्याच्या विमानापुरती. ती वाढवून २३०० मीटरपर्यंत न्यायचं काम टप्प्याटप्प्यानं चाललंय, मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनलही झाली, चांगलंच झालं. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर आहे, उन्हाळ्यात हवा तापते, पातळ होते, आणि अशा वेळी पूर्ण भरलेल्या, आखातापर्यंतचं इंधन घेतलेल्या एअरबसला जास्त लांब धाव लागते. तेवढी धाव मिळाली नाही तर कंपनी काय करते, सीटा कमी भरते. म्हणजे ज्या सीटा भरता येत नाहीत म्हणून रिकाम्या, त्याचेही पैसे आपणच देणार का, हा प्रश्न करारात आधी सुटला पाहिजे.

देशांतर्गत उडानचा अनुभवही डोळे उघडणाराच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेचा अहवाल आला. पहिल्या तीन टप्प्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि अनुदानाची मुदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकलेले मार्ग किती, तर ५४. हे मी योजनेला शिव्या घालायला सांगत नाही, त्या ५४ मार्गांवरच्या लोकांचं आयुष्य नक्कीच सोपं झालं असेल. पण "एकदा सुरू झालं की आपोआप चालेल" हे जे आपण म्हणतो ना, त्याची शक्यता किती हे या आकड्यांत दिसतं. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात चिपीला ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला, मुंबईचं विमान आलं, तीन वर्षांची मुदत संपली आणि २०२४ मध्ये ते थांबलं. मुंबई आणि सिंधुदुर्ग! चाकरमान्यांचं एवढं घट्ट नातं जगात दुसऱ्या दोन ठिकाणांत नसेल, तरी अनुदान संपल्यावर टिकलं नाही. सोलापूरच्या मुंबई विमानालाही २०२५ मध्ये राज्य सरकारनं तूट भरून द्यायचं मंजूर केलं तेव्हाच ते उडालं, तिथं पुढं काय होतं ते बघूया, मनापासून वाटतं की टिकावं.

मग परदेशी विमानं छोट्या शहरांतनं कुठंच चालत नाहीत का? चालतात की. तिरुचिरापल्लीला चालतात, कोझिकोडला चालतात, मंगळूरला चालतात. तिरुचिरापल्लीत तर देशातल्यापेक्षा परदेशी जाणारेच प्रवासी जास्त. कारण तिथली माणसं पिढ्यानपिढ्या सिंगापूरला, मलेशियाला, कोलंबोला, आखातात गेलेली आहेत, सणाला येणार, लग्नाला येणार, म्हातारे आईबाप तिकडं जाणार, पोरं सुट्टीला इकडं येणार. आधी माणसं गेली, मग विमान आलं. सुरतेहून २०१९ मध्ये शारजाचं विमान सुरू झालं, २०२३ मध्ये दुबईचं, तिथं हिरे-कापडाचा व्यापार आधीपासून होता, माणसं आधीच मुंबईला जाऊन तिकडं जात होती.

आता आपण आपल्याला विचारायचं की आपली माणसं कुठं गेलीत. आणि याचं उत्तर विट्यात, खानापुरात, आटपाडीत, तासगावात, कवठेमहांकाळात घराघरात आहे. आपले गलाई बांधव. दुष्काळानं शेत पिकेना म्हणून सोनं-चांदी गाळायचा धंदा शिकून ही माणसं देशभर पसरली, केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, असं एखादं बाजारपेठेचं गाव नाही जिथं सराफ कट्ट्याजवळ आपल्याकडचा गलाईवाला नाही. जत्रेला ही माणसं गावाकडं येतात, उन्हाळ्यात लग्नाला येतात, मतदानाला येतात, दोन-दोन दिवस रेल्वेत बसून येतात. तिरुचिरापल्लीच्या माणसाचं जे सिंगापूरशी नातं आहे तेच आपल्या विट्याच्या माणसाचं कोइमतूरशी आहे, कोलकात्याशी आहे. आपली खरी परदेशी गेलेली माणसं देशातच आहेत असं म्हटलं तरी चालेल. मग विमान आधी कुठं जायला पाहिजे? ज्या धंद्यानं दुष्काळी तालुक्यांत पैसा आणला, शाळा बांधल्या, देवळं बांधली, त्या माणसांना चेन्नई, कोलकात्याला नीट जोडायचं सोडून आपण दुबईच्या मागं लागलोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुबईच्या विमानात बसणार कोण हेही स्पष्ट बोललं पाहिजे. शिकायला जाणारी पोरं जर्मनीला, अमेरिकेला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला चाललीत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कुपवाडच्या फाउंड्री आणि मशिन शॉपवाल्यांचं गिऱ्हाईक युरोपात. त्यांना दुबई हे मुक्कामाचं ठिकाण नाहीच, तिथनं पुढं जायचंय, आणि स्वस्तातल्या कंपनीनं दुबईला उतरलात तर बहुतेक वेळा पुढचं तिकीट वेगळं, बॅगा परत घ्यायच्या, परत चेक-इन, मधल्या विमानाला उशीर झाला तर जबाबदारी तुमची. म्हणजे त्यांना याचा उपयोग कमीच. मग उरतात फिरायला जाणारे. फिरायला जाऊ नये असं मी म्हणत नाही, कष्टाच्या पैशानं माणूस कुटुंबाला घेऊन बुर्ज खलिफा बघायला गेला तर चांगलंच आहे, पण त्याच्या तिकिटाला जतच्या शेतकऱ्यानं डिझेलवर भरलेल्या करातनं हात लावायचा, हे मला कुठल्याच बाजूनं न्यायाचं वाटत नाही. तो माणूस खर्च करणार दुबईत. हॉटेल तिथलं, टॅक्सी तिथली, खरेदी तिथली. उलट दिशेनं कोण येणार? अंबाबाईला, जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला येणारी माणसं महाराष्ट्रातनं, कर्नाटकातनं, तेलंगणातनं येतात. पन्हाळा, प्रतापगड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, कासचं पठार आधीपासून आहे, परदेशी पाहुणे वाढावेत अशी माझीही इच्छा आहे, पण ते आठवड्यातल्या मंगळवारी आणि शनिवारी कोल्हापूरला उतरणाऱ्या विमानानं वाढणार नाहीत, ते मुंबई-गोवा असं फिरताना वाटेत आपल्याकडं दोन दिवस थांबले तर वाढतील.

शेतमालाचं नाव पण या चर्चेत फार घेतलं जातं. द्राक्षं थेट दुबईला! ऐकायला छान वाटतं. पण आपली तासगाव-पलूसची निर्यातीची द्राक्षं रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेव्याला जातात आणि बोटीनं युरोपला जातात, बेदाणा आणि हळदसुद्धा बोटीनंच. हा जड आणि त्यामानानं स्वस्त माल आहे, विमानाचं भाडं त्याला झेपत नाही. प्रवासी एअरबसच्या पोटात बॅगा भरून उरलेल्या जागेत काही टन माल बसतो, एका चांगल्या बागायतदाराचा एका दिवसाचा माल त्याहून जास्त असतो. द्राक्षवाल्याला पाहिजे प्री-कूलिंग, वेळेत कंटेनर आणि खड्डे नसलेला रस्ता.

यावर माझे काही मित्र म्हणतात की असं म्हणत बसलो तर काहीच होणार नाही, विमान आल्याशिवाय प्रवासी दिसत नाहीत आणि प्रवासी दिसल्याशिवाय विमान येत नाही, कुणीतरी पहिलं पाऊल टाकायलाच पाहिजे. मुद्दा खोटा नाही. नव्या मार्गाची सुरवातीची जोखीम वाटून घेणं जगभर चालतं. पण जिथं हे खूप वर्षं चाललंय तिथं त्यांनी धडेही घेतलेत. युरोपात रायनएअरसारख्या कंपन्यांनी छोट्या विमानतळांना एकमेकांविरुद्ध खेळवून सवलती घेतल्या, बेल्जियमच्या शार्लरोआपासून पुष्कळ प्रकरणं कोर्टकचेरीत गेली. मग २०१४ मध्ये युरोपियन कमिशननं नियम घातले, की वर्षाला ३० लाखांपेक्षा कमी प्रवासी असलेल्या विमानतळावर नव्या मार्गाला मदत द्यायची तर विमानतळाच्या शुल्काच्या ५० टक्क्यांपर्यंतच आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. फ्रान्समधल्या माँपेलियेला स्थानिक पर्यटनाच्या जाहिरातीच्या नावाखाली कंपनीला पैसे दिले गेले, २०१९ मध्ये कमिशननं ते बेकायदा ठरवले आणि ८५ लाख युरो परत करायला लावले. अमेरिकेतल्या पिट्सबर्गनं आइसलँडच्या वॉव एअरला ८ लाख डॉलरचं प्रोत्साहन देऊ केलं, २०१७ मध्ये विमान सुरू झालं, मार्च २०१९ मध्ये अख्खी कंपनीच बुडाली. पिट्सबर्ग आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत शहर, त्यांना असा फटका सोसतो. आपल्याला सोसेल का?

त्यामुळं सरकारनं मदत द्यायचीच ठरवली तर माझ्या मते ती विमानतळाच्या शुल्कातल्या सवलतीपुरतीच असावी, सगळ्या कंपन्यांना सारखी, दरवर्षी कमी होत जाणारी. रोख हमी नको. आणि करार जाहीर पाहिजे, मराठीत, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर, किती सीटा, किती पैसे, कधीपर्यंत, मधेच गेली तर परत किती देणार. दर तीन महिन्यांनी किती माणसं गेली आणि किती आली ते छापून यायला पाहिजे. टेंडरच्या नावाखाली सगळं गोपनीय ठेवायचं आणि आपण फक्त उद्घाटनाचे फोटो बघायचे, हे आता बास.

आता करायचं काय, ते सांगतो, कारण नुसतं नको म्हणणं सोपं असतं. सांगलीच्या माणसाला परदेशात जायचा सोपा रस्ता एखाद्या मोठ्या विमानतळातनं जातो, फक्त तो विमानतळ मुंबईच असला पाहिजे असं नाही. हैदराबादचं घ्या. तिथं देशातली आणि परदेशी विमानं एकाच इमारतीतनं सुटतात, आखात, युरोप, सिंगापूर सगळीकडं जातात. आखाताची आणि युरोपची बरीच विमानं रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. कोल्हापूरहून रोज संध्याकाळी हैदराबादला पोचणारं आणि सकाळी तिथनं निघणारं एक भरवशाचं विमान असेल, एकाच तिकिटावर, बॅग कोल्हापूरला दिली की फ्रँकफर्टला घ्यायची अशी सोय असेल, तर आपण एका दुबईला नाही, शंभर शहरांना जोडले जातो. बेंगळुरूचंही तसंच. आणि हे विमान रिकामं जाणार नाही, कारण त्यात परदेशी जाणाऱ्यांबरोबर आयटीतली पोरं, दवाखान्याला जाणारे, व्यापारी, आपले गलाईवाले सगळेच बसतील. पैसे लावायचेच असतील तर या वेळा पाळायला लावा, बारा महिने, पावसाळ्यात सुद्धा. आपल्याकडं विमान आहे का यापेक्षा उद्या ते नक्की उडेल का हीच मोठी चिंता असते, भरवसा नसला की माणूस आपली ट्रॅव्हल्सचीच सीट बुक करतो.

मुंबईच्या बाबतीत पण चित्र बदललंय. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, आणि आपण एक्सप्रेसवेनं जाणारी माणसं, आपल्याला हा उलव्याचा विमानतळ अंधेरीपेक्षा केव्हाही सोपा. सांगली-मिरजेहून इस्लामपूर, कराड, सातारा घेत थेट या विमानतळाच्या दारात जाणारी चांगली एसटी रात्री आणि सकाळी सोडली तर त्याला दुबईच्या विमानाच्या अनुदानाचा एक छोटा हिस्सा पुरेल. साताऱ्याच्या माणसाला तर कोल्हापूरच्या विमानापेक्षा याचाच उपयोग जास्त. रेल्वेचंही असंच, सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर वंदे भारत आली, छान झालं, पण मुंबईपर्यंत जाणारी आपली सह्याद्री एक्सप्रेस कोविडमध्ये बंद झाली ती परत आली तेव्हा पुण्यापर्यंतच आली. ती मुंबईपर्यंत न्या म्हणून जेवढा आवाज उठायला पाहिजे तेवढा उठत नाही.

आणि कवलापूर, सांगलीजवळची विमानतळासाठीची जुनी जागा. सांगलीत हा विषय काढला की लोक चिडतात ते मला माहीत आहे, आपल्या जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ पाहिजे ही भावना खरी आहे, इतकी वर्षं ती धावपट्टीची जागा तशीच पडलेली बघून राग येणं साहजिक आहे. पण उजळाईवाडी सांगलीपासून पन्नासेक किलोमीटर. पन्नास किलोमीटरवर दोन विमानतळ, मग दोन्हीकडं अर्धे अर्धे प्रवासी, दोन्हीकडं अनुदान, आणि कंपनी दोघांनाही एकमेकांची भीती घालणार. त्यापेक्षा सांगलीनं मोठं मन करून कोल्हापूरचा विमानतळ आपलाच म्हणावा आणि बदल्यात ठणकावून हक्क मागावा. विमानतळाच्या सल्लागार समितीत सांगलीचे उद्योजक, गलाई संघटना, द्राक्ष बागायतदार यांना जागा पाहिजे, विमानांच्या वेळा ठरवताना मिरजेच्या माणसाला तिथं पोचायला किती वेळ लागतो ते धरलं पाहिजे.

तो वेळ आज किती लागतो ते या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग बाकीकडं चौपदरी होत गेला, पण आपल्या वाटेवरचा अंकली ते चोकाक हा तुकडा भूसंपादनाच्या मोबदल्यावर अडकून राहिला. शेतकरी म्हणतात चौपट मोबदला द्या, आणि माझ्या मते ते बरोबर म्हणतात, शेजारच्या गावातल्याला एक भाव आणि यांना दुसरा असं कसं चालेल. परदेशी विमानाच्या रिकाम्या सीटांसाठी तीन वर्षांत वीस-बावीस कोटी लावायची तयारी कुणाची असेल तर त्यांनी ते आधी या शेतकऱ्यांच्या मोबदल्यात घालावेत. पूर्ण भागणार नाही, पण सुरवात होईल, आणि तो रस्ता झाला की विमानतळाला जाणाऱ्याबरोबर जयसिंगपूरचा भाजीवाला, हातकणंगल्याची कॉलेजची पोरगी, मिरजेच्या दवाखान्यात निघालेली ॲम्ब्युलन्स, सगळेच त्यावरनं जातील. येत्या जिल्हा नियोजनच्या बैठकीत आपल्या आमदार-खासदारांना दुबईचं विमान कधी हे विचारण्याआधी अंकलीचा रस्ता कधी हे विचारा, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांना एकत्र बसवून विचारा.